इम्प्लांटभोवती खरवडलेलं मांस कचऱ्यात टाकू नका

इम्प्लांट बसवणारे सर्व दंतवैद्य आणि त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दातासाठी जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू. त्याच्याभोवतीची हिरडी सुजलेली असते, दाबलं की पू येतो, एक्स-रेवर हाड खाली गेलेलं दिसतं. तुम्ही फ्लॅप उघडता, म्हणजे हिरडी कापून उचलता, क्युरेटने (खरवडायच्या हत्याराने) स्क्रूच्या थ्रेड्समधलं लालभडक, लिबलिबीत मांस खरवडून काढता, सलाईनने धुता, टाके घालता. काढलेलं मांस गॉजला पुसलं जातं आणि गॉज कचऱ्याच्या पिशवीत जातो. माझं मागणं त्या गॉजबद्दलच आहे. ते मांस फॉर्मालिनच्या (मांस टिकवणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीत घाला आणि तपासायला पाठवा.

मी ओरल पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे तोंडातल्या मांसाचे तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासून निदान करते. रुग्ण मला क्वचितच भेटतो. मला दिसतो तो त्याच्या हिरडीचा काही मिलिमीटरचा तुकडा, आणि तोही तुम्ही पाठवला तर. न पाठवलेल्या तुकड्यावर आमच्याकडे काहीही उपाय नाही. इम्प्लांटजवळच्या कर्करोगाबाबत नेमकं हेच घडतं: काही रुग्णांचं मांस आधी एक-दोनदा खरवडून फेकलेलं असतं, आणि आमच्याकडे पहिला तुकडा येतो तेव्हा तो हिरडीचा नसून जबड्याचा असतो.

एक गोष्ट आधीच साफ करून टाकते. इम्प्लांटमुळे कर्करोग होतो असं मी म्हणत नाही. तसं सिद्ध झालेलं नाही. पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. तेव्हापासून जगभर कोट्यवधी इम्प्लांट बसले आणि त्यांतले बहुसंख्य मुकाट्याने आपलं काम करत आहेत. त्यांच्या शेजारी स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या अस्तरातून उगवणारा कर्करोग, झाल्याच्या ज्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत, त्या बहुतेक एकेका रुग्णाच्या किंवा मूठभर रुग्णांच्या आहेत. दुसरीकडे, ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे नवे रुग्ण जगात वर्षाला सुमारे 3 लाख 90 हजार, हा 2022 चा अंदाज. इम्प्लांट करून घेणारा माणूस बहुधा उतारवयाकडे झुकलेला असतो, आणि हा कर्करोगही मुख्यतः त्याच वयाचा. एवढ्या मोठ्या संख्येत दोघं योगायोगानेही एकाच जागी येणारच.

दीर्घकाळ टिकलेली सूज, इम्प्लांटवरून झिजून सुटलेले धातूचे कण, हिरडीला सतत होणारी इजा, अशी कारणं सुचवली गेली आहेत. सुचवली गेली आहेत, एवढंच. नोंदवलेल्या बऱ्याच रुग्णांच्या मागे आधीपासून काही ना काही होतं: तंबाखू, दारू, लायकेन प्लॅनस (तोंडाच्या अस्तराचा जुनाट दाह), ल्युकोप्लेकिया (पुसून न जाणारा पांढरा चट्टा), किंवा तोंडाचाच कर्करोग एकदा होऊन गेलेला. काहींच्या मागे मात्र यातलं काहीही नव्हतं. म्हणून ‘याला व्यसन नाही, याला कशाला होईल’ हा हिशेब चालत नाही. आणि ‘इम्प्लांट म्हणजे कर्करोग’ अशी आवई उठवणाऱ्यांना या पत्रातून काही मिळणार नाही, हेही सांगून ठेवते.

माझी तक्रार इम्प्लांटशी नाहीच. इम्प्लांटच्या कडेला लाली दिसली की डोळे झाकून जे निदान लिहिलं जातं, त्याच्याशी आहे.

पेरी-इम्प्लांटायटिसची, म्हणजे इम्प्लांटभोवतीचं हाड झिजवणाऱ्या सुजेची, व्याख्या तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली पाठ आहे. हिरडीच्या आजारांवरच्या 2017 च्या जागतिक कार्यशाळेने ती बांधून दिली: प्रोब (खोली मोजायची सळई) घातल्यावर रक्त किंवा पू, वाढत चाललेली पॉकेट (हिरडी आणि इम्प्लांट यांच्यातली फट), सुरुवातीच्या बदलांपलीकडे गेलेली हाडाची झीज. जुने एक्स-रे हाताशी नसतील तर 6 मिलिमीटर किंवा जास्त खोलीची पॉकेट आणि 3 मिलिमीटर किंवा जास्त हाड गेलेलं. व्याख्या चांगली आहे. पण हिरडीचा कार्सिनोमा यातली प्रत्येक अट पुरी करतो. त्यातून रक्त येतं, वर जंतुसंसर्ग झाला की पू येतो, प्रोब आत जातो, हाड जातं. व्याख्येत बसला म्हणून तो पेरी-इम्प्लांटायटिस ठरत नाही, पण फाइलवर तसं लिहिलं जातं आणि पुढचा प्रत्येक डॉक्टर ती ओळ वाचूनच सुरुवात करतो.

मग ठरलेलं चक्र सुरू होतं. साफसफाई, क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक, अँटिबायोटिकचा कोर्स. वरचा जंतुसंसर्ग कमी झाल्याने दुखणं जरा उतरतं, सूजही थोडी ओसरते, आणि इथेच सगळे फसतात. औषधाला दाद दिली म्हणजे निदान बरोबर, असं वाटतं. ट्यूमर तिथेच असतो, फक्त त्यावरची घाण कमी झालेली असते. पुन्हा सूज, पुन्हा कोर्स, मग लेझर, मग फ्लॅप, शेवटी इम्प्लांटच काढून टाकणं. आणि इम्प्लांट काढल्यावरही खाच भरत नाही तेव्हा कुणालातरी शंका येते.

एवढ्या वेळात काय बदललेलं असतं, हे आमच्या रिपोर्टमध्ये उतरतं. 2018 पासून लागू असलेल्या स्टेजिंगमध्ये, म्हणजे रोग किती पुढे गेलाय हे ठरवायच्या पद्धतीत, ट्यूमर किती लांब-रुंद आहे याबरोबर किती खोल घुसलाय तेही मोजतात. 5 मिलिमीटर आणि 10 मिलिमीटर या दोन रेषांवर स्टेज बदलते. जबड्याचा कॉर्टेक्स, म्हणजे हाडाचं बाहेरचं टणक कवच, फोडून ट्यूमर आत शिरला की थेट टी-4ए, म्हणजे बरीच पुढची पायरी. हिरडीच्या कर्करोगात दाताच्या खाचेचं वरवर खाल्लेलं हाड त्यात धरत नाहीत, ही त्यातली सवलत. पण हिरडी आणि हाड यांच्यात अंतरच इतकं थोडं आहे की ही सवलत फार दिवस पुरत नाही. मानेतल्या एका गाठीत जरी रोग पोचला, तरी रुग्ण वाचण्याची शक्यता ढोबळमानाने निम्म्याने घटते. वेळेत सापडला असता तर हिरडी आणि हाडाची कड काढून भागलं असतं, तिथे जबड्याचा तुकडा, पायाचं फिब्युला हाड लावून पुनर्रचना, मानेची शस्त्रक्रिया आणि वर रेडिएशन.

नैसर्गिक दाताच्या मुळाला हिरडीचे आणि हाडाचे तंतू आडवे येऊन रुतलेले असतात. इम्प्लांटला लिगामेंट (दाताला हाडाशी बांधणारे तंतू) नसतं आणि त्याच्याभोवतीचे कोलॅजन तंतू बहुतेक त्याच्या पृष्ठभागाला समांतर धावतात. त्यामुळे ट्यूमरला खाली उतरायला वाट सोपी मिळते, असा एक तर्क मांडला जातो. पटण्यासारखा आहे, पण अजून तर्कच आहे.

आता माझ्या बाजूने चित्र कसं दिसतं ते सांगते. बाटलीबरोबर फॉर्म येतो. त्यावर लिहिलेलं असतं: ‘हिरडीचा तुकडा, खालचा जबडा.’ इम्प्लांटचा उल्लेख असतोच असं नाही. स्लाईड मायक्रोस्कोपखाली सरकवली की आधी सुजेची नेहमीची गर्दी दिसते, प्लाझ्मा सेल, लिम्फोसाईट, नव्या रक्तवाहिन्या. इथे थांबलं तर रिपोर्ट दोन ओळींत संपतो. स्लाईड आणखी सरकवत गेलं की एखाद्या कोपऱ्यात, जिथे एपिथेलियम (हिरडीचं वरचं अस्तर) असायचं काही कारण नाही तिथे, त्याची तुटक बेटं दिसतात; पेशी एकमेकींशी न जुळणाऱ्या आकारांच्या, केंद्रकं गडद, आणि एखाद्या बेटाच्या मधोमध गुलाबी केराटिनचं गोल भेंडोळं. हे दिसलं की शंका राहत नाही.

पण कायम इतकं सरळ नसतं, आणि हे तुम्ही समजून घ्यायला हवं. जुनाट सुजेने चिडलेली हिरडी स्वतःही एपिथेलियमची लांब बोटं खाली सोडते. वरवरच्या छोट्या तुकड्यात ती बोटं आडवी कापली गेली तर बेटांसारखीच दिसतात आणि कर्करोगाचं सोंग घेतात. उलटही होतं: ट्यूमर खाली आहे आणि तुम्ही वरचा सुजलेला पापुद्राच पाठवलाय. मी प्रामाणिकपणे लिहिते, ‘जुनाट सूज, पेशींत दुष्ट बदल आढळले नाहीत.’ हा रिपोर्ट त्या तुकड्याचा असतो, रुग्णाच्या तोंडाचा नाही. तुमच्या डोळ्यांना आणि बोटाला जे जाणवतंय ते माझ्या रिपोर्टशी जुळत नसेल तर फोन करा आणि पुन्हा, जास्त खोलून, तुकडा घ्या. ‘बायोप्सी निगेटिव्ह आली’ या एका वाक्यावर महिनोन्‌महिने निर्धास्त राहिलेले रुग्ण आम्हाला पुढे भलत्याच अवस्थेत दिसतात.

इम्प्लांटभोवती वाढणारी प्रत्येक लाल गाठ कर्करोग नसते, हेही तितकंच खरं. पायोजेनिक ग्रॅन्युलोमा असतो, पेरिफेरल जायंट सेल ग्रॅन्युलोमा असतो. बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅब ही हाडांची झीज रोखणारी औषधं घेणाऱ्या रुग्णाचं हाड उघडं पडलेलं असतं, त्याची गोष्ट वेगळी. क्वचित स्तन, फुप्फुस अशा दुसऱ्याच अवयवातला कर्करोग इम्प्लांटशेजारच्या जबड्यात पसरून पहिल्यांदा तिथे दिसल्याच्याही नोंदी आहेत. यातलं काय आहे हे नुसतं बघून तुम्हाला कळत नाही, मलाही कळणार नाही. स्लाईडवर कळतं.

कधी शंका घ्यायची? तोंडातल्या जखमेबाबतचा दोन आठवड्यांचा नियम आपण सगळे कॉलेजात शिकलो: कारण दूर करा, दोन आठवडे थांबा, भरली नाही तर बायोप्सी. इम्प्लांटच्या बाबतीत तो जसाच्या तसा लागू करणं अवघड जातं, कारण खरी पेरी-इम्प्लांटायटिसची पॉकेटही दोन आठवड्यांत भरत नाही. त्यामुळे नियमच गुंडाळून ठेवला जातो. मला वाटतं तो दोन ठिकाणी वेगवेगळा लावावा. पृष्ठभागावर काही बदललं असेल, म्हणजे जखम, फुलकोबीसारखी खरबरीत वाढ, पांढरा किंवा लाल चट्टा, कॅपवर चढत चाललेलं मांस, बोटाला लागणारा कडकपणा, तर दोन आठवड्यांची मुदत पक्की, त्यात सूट नाही. कडक लागत असेल तर तेवढंही थांबू नका. आणि पृष्ठभाग ठीक आहे, नुसती पॉकेट आणि हाड गेलंय, तर तुमचे नेहमीचे उपचार करा. पण ज्या दिवशी फ्लॅप उघडाल त्या दिवशी निघालेलं सगळं मांस बाटलीत.

खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर झाल्याचं रुग्ण सांगत असेल आणि इम्प्लांट बसवून बराच काळ लोटला असेल, तर त्याचं खापर जुन्या सर्जरीवर फोडू नका. एक्स-रेवर पेरी-इम्प्लांटायटिसचं हाड साधारण बशीसारखा व्यवस्थित खळगा करून जातं. कडा कुरतडल्यासारख्या, अस्पष्ट दिसल्या, किंवा तोंडात बाकीचे इम्प्लांट आणि दात ठणठणीत असताना एकच जागा भराभर ढासळत असेल, तर कारण शोधा. सीबीसीटीवर (जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनवर) फार विसंबू नका, धातूच्या सावल्या नेमक्या हव्या त्याच जागेवर पडतात. मान मात्र दर खेपेला चाचपा. खुर्ची सरळ करून दोन्ही बाजूंनी बोटं फिरवायला मिनिटभर लागतं, आणि ते मिनिट मी फार कमी डेंटल क्लिनिकमध्ये खर्च झालेलं पाहिलंय.

दोन प्रकारच्या रुग्णांबाबत जरा जास्त लिहिते. पहिला, पांढऱ्या चट्ट्यांचा. प्रोलिफरेटिव्ह व्हेरुकस ल्युकोप्लेकिया हा आजार अनेकदा हिरडीवरच ठाण मांडतो, बरेचदा वयस्क बायकांना होतो, आणि त्यातल्या अनेकींनी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नसतो. अशी बाई समोर बसली की कुणाच्या मनात कर्करोग येत नाही. प्रत्यक्षात अभ्यास एकत्र करून पाहिले तर यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांत पुढे कर्करोग होतो. लायकेन प्लॅनसमध्ये हे प्रमाण खूप कमी, सुमारे 1 टक्का, तरी शून्य नाही. अशा हिरडीत इम्प्लांट बसवण्याआधी चट्ट्याची बायोप्सी झालेली असावी आणि रुग्णाला नियमित तपासणीची गरज लिहून दिलेली असावी. ‘थोडं पांढरं आहे, कॅप बसली की जाईल’ हे मी रुग्णांच्या तोंडून ऐकलेलं वाक्य आहे, आणि ते त्यांनी स्वतःच्या मनाने रचलेलं नाही.

दुसरा, ज्याला तोंडाचा कर्करोग एकदा होऊन गेलाय आणि पुनर्रचनेनंतर इम्प्लांटवर दात मिळालेत. त्याला पुन्हा चावता यायला लागतं, तो खुशीत असतो, तुम्हीही असता. पण एका जागी ट्यूमर झाला म्हणजे आजूबाजूचं अस्तरही बिघडलेलं असू शकतं, हे स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी 1953 मध्येच मांडलं. दुसरा, नवा ट्यूमर होण्याचा धोका या माणसांना कायम राहतो. कर्करोग सर्जनकडच्या त्याच्या फेऱ्या काळाबरोबर विरळ होत जातात. कॅप सैल झाली, स्क्रू ढिला झाला, साफसफाई करायचीय, म्हणून तो तुमच्याकडे मात्र येत राहतो. म्हणजे त्याच्या तोंडात सगळ्यात जास्त वेळा डोकावणारा माणूस तुम्ही. त्या भेटीत फक्त इम्प्लांटच पाहिला गेला तर जीभ, गालाची आतली बाजू, टाळू हे सगळं तपासायला दुसरं कुणी बसलेलं नाही.

संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना दोन शब्द. तुमच्या परिषदांना मी जाते. हाड वाढवण्यावर, तत्काळ लोडिंगवर (इम्प्लांटवर लगेच दात बसवण्यावर), डिजिटल गाईडवर सत्रांमागून सत्रं होतात, बाहेर कंपन्यांचे स्टॉल झगमगत असतात. बिघडलेल्या इम्प्लांटवर जी सत्रं होतात त्यांत लेझर कुठला आणि पृष्ठभाग कशाने घासायचा याची चर्चा असते. निघालेल्या मांसाचं काय करायचं, हा प्रश्न स्लाईडवर येतच नाही. तो आणा. इम्प्लांटच्या प्रशिक्षणात इन्सिजनल बायोप्सी (वाढीचा फक्त एक तुकडा तपासायला घेणं) हाताने करून घेतल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नका; जो सायनस लिफ्ट (वरच्या जबड्यात हाड वाढवायची शस्त्रक्रिया) करू शकतो त्याला हिरडीचा लंबगोल तुकडा घेणं जड नाही.

आणि नोंदवही. नितंबाच्या कृत्रिम सांध्यांची राष्ट्रीय नोंद स्वीडनने 1979 मध्ये सुरू केली. त्यामुळे कुठला सांधा किती टिकतो, कशाने निकामी होतो, हे त्यांना सांगता येतं. दातांच्या इम्प्लांटच्या शेजारी झालेल्या कर्करोगांची अशी नोंद ठेवली गेली, तर धोका खरंच वाढतो की नाही यावर सुटे किस्से सांगून वाद घालावा लागणार नाही. इम्प्लांट निर्दोष ठरला तर तुमच्याच पथ्यावर पडेल.

कुणी म्हणेल, खरवडलेलं प्रत्येक मांस पाठवायचं तर खर्च किती, आणि शंभरात जवळजवळ सगळ्यांचा रिपोर्ट ‘जुनाट सूज’ असाच येणार. येऊ दे. दाताच्या मुळाशी असलेली गाठ काढली की ती पाठवावी हे आपण मान्य करतोच, आणि तिचाही रिपोर्ट बहुतेक वेळा साधाच येतो. सरसकट पाठवण्यावर सगळ्यांचं एकमत नाही, हे मला ठाऊक आहे. निदान दुसऱ्यांदा खरवडायची वेळ आली तर तरी पाठवा. पहिल्या उपचाराला नीट दाद न दिलेली जागा तपासल्याशिवाय पुन्हा घासायची, याचं समर्थन मला करता येत नाही. खर्चाची खरी अडचण नसतेच बहुधा. आपण बसवलेला इम्प्लांट बिघडलाय हे रुग्णासमोर कबूल करणं जड जातं, आणि बायोप्सीचा फॉर्म भरला की ते उघडं पडतं.

शेवटी थोडं कामाचं. शंका आली तर इम्प्लांट लगेच उपटू नका, आधी बायोप्सी. खाच बुजली, हिरडी जुळली की ट्यूमर नेमका कुठे होता हे पुढच्या सर्जनला शोधत बसावं लागतं. छोटी वाढ दिसली म्हणून पूर्णच काढून टाकू नका. कर्करोग निघाला तर भोवतीचा किती भाग काढायचा याचा अंदाज सर्जनला राहत नाही. फोटो काढून ठेवा. तुकडा वाढीच्या कडेचा घ्या, थोडी निरोगी हिरडी धरून, आणि खोलीसकट. मधला सडलेला भाग घेऊ नका, त्यात मेलेल्या पेशींशिवाय काही सापडत नाही. लेझरने किंवा कॉटरीने (विजेवर तापणाऱ्या हत्याराने) कापलात तर कडा जळतात आणि नेमक्या कडाच मला वाचायच्या असतात. साधं ब्लेड वापरा. चिमट्याने चिरडू नका. बाटली रुंद तोंडाची, 10 टक्के फॉर्मालिन, तुकड्याच्या किमान दहापट. सलाईनमध्ये घातलेला तुकडा आमच्यापर्यंत पोचेतो सडायला लागलेला असतो, आणि स्पिरिटमध्ये घातलेला आक्रसून कडक होतो. जबड्याचा कापलेला भाग इम्प्लांटसकट येणार असेल तर आधी कळवा, धातू आमच्या मायक्रोटोमच्या (पातळ काप काढायच्या यंत्राच्या) पात्याने कापला जात नाही.

फॉर्मवर एवढं हवं: इम्प्लांट कुठला, कधी बसवला, त्रास कधीपासून, आतापर्यंत काय काय केलं, तंबाखू-दारू-सुपारी, जुना चट्टा किंवा जुना कर्करोग, बिस्फॉस्फोनेट वगैरे औषधं, मानेत गाठ लागते का. सोबत एक्स-रेची प्रत आणि तुमचा चालू फोन नंबर, दवाखान्याच्या स्वागतकक्षाचा नको. रिपोर्ट वाईट असेल तर मी कागद पाठवून थांबत नाही, त्याच दिवशी फोन करते.

आपली,
एक ओरल पॅथॉलॉजिस्ट